गवंड्याच्या मुलाची सही

(दहावी 1995 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू इराणला जाऊन आलीस ना, त्यावर दहा मिनिटं बोल. पण फोटो आणू नकोस, प्रोजेक्टर मिळालेला नाही." म्हणजे जगातल्या सगळ्यात सुंदर निळ्या फरशा मला नुसत्या तोंडाने दाखवायच्या आहेत. त्यात भूमितीच्या बाई पहिल्याच रांगेत बसल्या आहेत. "आधी आकृती, मग सिद्धता" असं म्हणणाऱ्या बाईंसमोर आकृतीशिवाय बोलायचं म्हणजे माझे दोन मार्क आधीच गेले!

सुरुवात आपल्या सहलीपासून करते. आठवीत आपण विजापूरला गेलो होतो. गोल घुमटाच्या सज्ज्यात आपण इतक्या आरोळ्या ठोकल्या की सरांनी सगळ्यांना खाली उतरवलं. खाली आल्यावर बाई म्हणाल्या, "खोली चौकोनी आहे आणि वरचा घुमट गोल आहे. मधे काय केलंय ते बघा." आपण कोणी बघितलं नाही. आपलं लक्ष डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीकडे होतं. एकच मुलगी मान वर करून उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मधे आठ कोन केलेत. कमानी एकमेकींतून गेल्यात." ती माझ्या बाकावर बसायची. तिच्याकडे मी शेवटी येणार आहे.

मी इस्फहानला गेले 2018 च्या ऑक्टोबरात, नवऱ्याबरोबर. तेहरानहून बसने साडेचारशे किलोमीटर. आपली बँकेची कार्डं तिथे चालत नाहीत, म्हणून सगळे पैसे रोख, पोटाशी बांधलेल्या पाकिटात. डोक्याला ओढणी. आई फोनवर म्हणाली, "अगदी लग्नाच्या वऱ्हाडासारखी निघालीस की."

भाषेची भीती होती, ती पहिल्याच दिवशी निम्मी गेली. बाजार, दुकान, रस्ता, मैदान, दरवाजा, बाग हे सगळे शब्द तिथलेच. इतिहासाच्या सरांनी आपल्याला शिकवलं होतं की 'पेशवा' हा शब्दसुद्धा फारसी. तिथे नदीवर एक प्रसिद्ध पूल आहे, त्याचं नाव 'सी-ओ-से-पोल'. सी म्हणजे तीस, से म्हणजे तीन, पोल म्हणजे आपला पूल. तेहतीस कमानींचा पूल. आठवड्याला 'हफ्ते' म्हणतात, कारण 'हफ्त' म्हणजे सात. आपण घराच्या कर्जाचा हप्ता भरतो, तोही त्याच घराण्यातला.

पण शब्द ओळखीचा वाटला म्हणून फसायलाही होतं. खाणावळीत 'बिर्यानी' ऐकून मी खुशीत हो म्हटलं. ताटात आली गरम रोटी आणि तिच्यावर मटणाच्या खिम्याची टिकिया. भाताचं शीतही नाही! इस्फहानची बिर्यानी तीच. चांगली होती, पण सोलापूरकडचा माणूस भात शोधत राहतो.

दुकानदाराला पैसे द्यायला गेलं की तो आधी म्हणतो, "राहू द्या हो, यात काय एवढं." ही तिथली रीत आहे. दोनतीनदा आग्रह करून पैसे द्यायचेच असतात. आपल्याकडे पाहुणा "चहा नको" म्हणतो आणि आपण आधण ठेवतोच, तसं.

आता मैदानाकडे येते. शाह अब्बास याने 1598 मध्ये राजधानी कझवीनहून इस्फहानला आणली आणि जुन्या शहराला लागून एक प्रचंड चौक आखला. त्याचं नाव 'नक्श-ए-जहान', जगाचं चित्र. लांबी सुमारे 560 मीटर, रुंदी 160. चारही बाजूंना दुमजली कमानींची सलग ओळ. दक्षिणेला शाही मशीद, पूर्वेला शेख लुत्फुल्ला मशीद, पश्चिमेला अली कापू राजवाडा, उत्तरेला बाजाराचा दरवाजा. म्हणजे धर्म, राज्य आणि व्यापार एकाच अंगणात. इथे घोड्यावरचा चौगान, म्हणजे आजचा पोलो, खेळत. त्याचे दगडी खांब अजून दोन्ही टोकांना उभे आहेत. संध्याकाळी माणसं गवतावर चादरी पसरून, थर्मास आणि खाऊ घेऊन बसतात. आम्हालाही एका कुटुंबाने हाक मारून बसवलं आणि गझ नावाची पिस्ते घातलेली मिठाई खायला घातली.

या मैदानात एक अडचण आहे. ती मला दिसली, कारण गेली पंचवीस वर्षं मी अशाच अडचणींवर पगार घेते. मैदान साधारण उत्तर-दक्षिण. मशिदीचं दार मैदानाकडे तोंड करून हवं, नाहीतर चौकाची शोभा जाते. पण आतलं प्रार्थनेचं दालन मक्केच्या दिशेला, म्हणजे नैर्ऋत्येला हवं. आमच्या धंद्यात ग्राहक अशाच दोन मागण्या करतो, एकमेकींशी न पटणाऱ्या आणि दोन्ही तितक्याच महत्त्वाच्या. मग आम्ही मीटिंगा घेतो.

इस्फहानच्या लोकांनी काय केलं? शाही मशिदीचं काम 1611 मध्ये सुरू झालं. तिचं दार त्यांनी मैदानाला सरळ लावलं आणि दारामागे सगळी मशीद सुमारे पंचेचाळीस अंशांनी वळवली. मैदानातून बघितलं तर दार एकीकडे आणि घुमट बाजूला सरकलेला दिसतो. त्यांनी ते लपवलेलं नाही. आत शिरल्यावर दारामागच्या दालनातून आपण वळतो आणि अंगण समोर येतं. वळण कधी घेतलं ते चालणाऱ्याला कळतही नाही.

तिथल्या भिंती फरशांनी मढलेल्या आहेत. जुनी पद्धत अशी की एकेका रंगाची फरशी भाजायची, तिचे बारीक तुकडे कापायचे आणि ते जुळवून नक्षी करायची. काम सुरेख, पण वेळ फार. एवढी मोठी मशीद लवकर पुरी करायची होती, म्हणून बहुतेक ठिकाणी 'हफ्त रंग' पद्धत वापरली. सात रंग एकाच फरशीवर रंगवून एकदाच भट्टीत घालायचे. मालकाला घाई असली की कारागीर काय काय शोधून काढतो, हे चारशे वर्षांत बदललेलं नाही.

मैदानापासून काही अंतरावर, जुन्या वस्तीत 'दर्ब-ए-इमाम' नावाचा दर्गा आहे. 1453 सालचा. खरं तर मी त्याच्यासाठीच गेले होते. 2007 मध्ये पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात लेख लिहिला की या दर्ग्याच्या कमानीवरची नक्षी साधी नाही. पंचकोनांनी जमीन सलग झाकता येत नाही, फटी राहतात, हे आपण जाणतो. पण दहा कोनांची, पाच कोनांची आणि आणखी तीन अशा एकूण पाच आकारांची जुळणी करून इथल्या कारागिरांनी जवळजवळ अशी नक्षी साधली, जी कितीही पसरवली तरी तीच ती फिरून येत नाही. या प्रकारच्या रचनेचं गणित पाश्चात्त्य जगात रॉजर पेनरोझ यांनी 1970 च्या दशकात मांडलं. इथे पाचशे वर्षं आधी कोणीतरी ती भिंतीवर लावून मोकळं झालं होतं.

मी त्या कमानीखाली उभी राहिले, दहा टोकांची चांदणी बघितली आणि माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. कारण ही चांदणी मी आधी बघितली होती. आपल्या शाळेत, नववीच्या गणित प्रदर्शनात.

तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. ड्रॉइंग शीटवर दहा टोकांच्या चांदण्यांची नक्षी होती आणि तालुक्याला तिला पहिला नंबर मिळाला. फलकावर नाव माझं होतं. सकाळच्या प्रार्थनेला टाळ्या माझ्यासाठी वाजल्या. मला कंपासपेटी आणि प्रमाणपत्र मिळालं. पुढे इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी बाबा ते प्रमाणपत्र सगळ्यांना दाखवत.

ती नक्षी माझी नव्हती. वर्तुळाचे पाच सारखे भाग कसे करायचे ते मला येत नव्हतं आणि पुस्तकातही नव्हतं. ते काढलं माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने. तिचे वडील गवंडी होते. दोरीला तीन, चार, पाच हातांवर गाठी मारून गुण्या कसा साधायचा हे तिला पायथागोरसच्या आधीपासून माहीत होतं. ती कंपास थोडा थोडा कमी-जास्त करत राहिली, पाचवा भाग बरोबर पहिल्या खुणेवर येईपर्यंत. मग पाचाचे दहा केले. मी फक्त रंग भरले आणि खाली सुवाच्य अक्षरात माहिती लिहिली. प्रदर्शनाच्या दिवशी ती आली नाही. वडिलांच्या कामावर विटा द्यायला माणूस नव्हता. परीक्षकांनी विचारलं, "ही तू केलीस?" मी हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी सांगता आलं असतं. त्यानंतरच्या कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही शेख लुत्फुल्ला मशिदीत गेलो. ती लहान आहे. मिनार नाहीत, अंगण नाही. बाहेरचा घुमट फिक्या दुधाळ रंगाचा, उन्हाप्रमाणे गुलाबीकडे झुकणारा. आत जायला एक अंधारा वळणाचा बोळ आहे. तिथेही तेच वळण, मक्केकडे. बोळ संपतो आणि आपण एका चौकोनी खोलीत येतो. तिचे आठ कोन होतात आणि आठाचा गोल. बाई, या वेळी मी मधे बघितलं. घुमटाच्या आतली नक्षी मधल्या बिंदूकडे जाताना लहान लहान होत जाते. दारात उभं राहून वर पाहिलं तर उन्हाच्या पट्ट्याने मधोमध मोराचा पिसारा उमटतो.

तिथे वास्तुकलेची एक विद्यार्थिनी भेटली. तिने मिहराबापाशी नेऊन एक छोटी अक्षरपट्टी वाचून दाखवली. तिथे सही आहे, हिजरी 1028 ची, म्हणजे 1618-19. स्वतःला गरीब, नम्र आणि देवाच्या दयेचा गरजू म्हणवून घेत त्या माणसाने लिहिलं आहे: मोहम्मद रझा, उस्ताद हुसेन याचा मुलगा. बापाच्या नावापुढे शब्द आहे 'बन्ना'. मी विचारलं, बन्ना म्हणजे काय? ती म्हणाली, "बिल्डर." मग हाताने थापी फिरवून दाखवली. गवंडी.

ज्याने मशीद बांधवली त्या शाहचं नाव सगळ्या जगाला पाठ आहे. पण आत, सगळ्यात पवित्र जागी, गवंड्याच्या मुलाने स्वतःचं नाव घातलं, बापाचं घातलं आणि बापाचा धंदाही घातला. आणि कोणी ते खोडलं नाही.

परत आल्यावर मी लगेच काही धाडस केलं असं नाही. सात वर्षं गेली. 2025 च्या जूनमध्ये हल्ल्यांच्या बातम्यांत इस्फहानचं नाव ऐकलं. रात्रभर मी फोनवर बातम्या बघत होते. ते गझ खायला घालणारं कुटुंब, ती विद्यार्थिनी, तो घुमट. सगळं असंच कायम उभं राहील असं आपण धरून चालतो. सकाळी उठून मी या मेळाव्याच्या ग्रुपवरून तिचा नंबर घेतला आणि फोन केला.

मी सगळं एका दमात सांगितलं. ती हसली. म्हणाली, "अगं, तीस वर्षं झाली, मला कुठलं आठवतंय!" मग थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पण मधली चांदणी तू निळी रंगवलीस. मी हिरवी सांगितली होती."

तिला सगळं आठवत होतं.

ती दहावीनंतर शिकली नाही. वडिलांमागे भावाबरोबर तिनेच धंदा सांभाळला. आज ती घरांची कामं घेते, आणि या तालुक्यात तिने बांधलेल्या घरांत आपल्यापैकी तिघं राहतात. हे सांगायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. "नाव घेऊ नकोस, सगळे वळून बघतील," अशी तिची अट आहे. म्हणून नाव घेत नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते ओळखलंच असेल.

ते प्रमाणपत्र आज मी बरोबर आणलं आहे. माझ्या नावापुढे मी तिचं नाव लिहिलं आहे, आणि पुढे तिच्या वडिलांचं, धंद्यासकट. प्रमाणपत्रावर खाडाखोड चालत नाही हे मला ठाऊक आहे. पण बाई, नंतर सापडलेली चूक वहीत दुरुस्त करून पुन्हा दाखवायची, हे तुम्हीच शिकवलं होतं. मघाशी तुम्ही त्यावर सही केलीत. मार्क किती दिलेत ते मात्र अजून सांगितलं नाहीत.