खालून वर आलेली वाडी

(आंदर मावळातल्या शिबिरात केलेलं बोलणं. बोललो तसंच उतरवून दिलं आहे.)



आम्हाला सांगितलंय, तुमच्या वाडीची माहिती द्या. सरकारी माणूस येतो तेव्हा घरं मोजतो, डोकी मोजतो, संडास किती ते लिहितो आणि जातो. तशी माहिती आम्ही देणार नाही. आमची कातकरवाडी मूळची इथली नाही, हे आधीच सांगतो. कारण गावात काही वाजलं की पहिलं तेच ऐकावं लागतं, "तुम्ही खालून आलेले." आलो आहोत खालून. पण का आलो, कुणी आणलं, हे कुणी इचारत नाही. म्हणून तेच सांगतो.

आमचे आजे-पणजे कर्जतच्या अंगाचे. कुसूरच्या घाटाने वर आले. त्यांच्याही आधीचे लोक खैराचा कात काढायचे. काथोडी, कातकरी हे नाव त्यातूनच पडलं. १८७८ साली इंग्रजाने जंगलाचा कायदा केला, राखीव जंगलं झाली, खैराला हात लावला तर गुन्हा. ज्या धंद्याचं नाव जातीला लागलं तो धंदाच गेला. मग कोळशाची भट्टी आली. शेठ दिवाळीनंतर उचल द्यायचा आणि नवरा-बायको-पोरं सगळ्यांना रानात न्यायचा. लाकूड तोडायचं, भट्टी लावायची, रात्रभर जागून राखायची, कारण जाळ फुटला तर कोळशाची राख होते आणि ती उचलीत धरली जाते. पाऊस तोंडावर आला की हिशोब. हिशोबात आपणच देणं लागायचो. लिहिता शेठला येत होतं, आपल्याला नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ ला झाला. आता कोळशाच्या जागी वीटभट्टी आहे, पण उचल तीच आहे.

मावळात भात पिकतं. वडगावच्या भात संशोधन केंद्राने काढलेला इंद्रायणी तांदूळ आज पुण्या-मुंबईत सगळे खातात. त्या भाताच्या लावणीला माणसं लागतात. मालक म्हणाला, घाट कशाला उतरता, माळावर राहा, लावणीला या. तेव्हा माळाच्या कडेला, रानाच्या हद्दीला कारवीच्या कुडाच्या झोपड्या पडल्या. कागद कुणी केला नाही. मालकाला मजूर पाहिजे होता, आपल्याला पाठ टेकायला जागा. अशी ही वाडी वसली. मागच्या उतारावर नाचणी-वरई करायला लागलो, ती फॉरेस्टची जमीन. खालची झोपडीची जमीन मालकाची. ही दोन वाक्यं ध्यानात ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

आता आमचं वर्ष कसं जातं? पावसाळ्यात लावणी, किरवी, ओढ्याचे मासे, रानभाजी. भादव्यात हातात काही नसतं, तेव्हा कंद. दिवाळीनंतर अर्धी वाडी कुलूप न लावता भट्टीवर जाते, लावायचं काय म्हणा! पोरं आईबापाबरोबर जातात, शाळेच्या हजेरीत नाव राहतं, पोर नाही. आम्ही बारावीपर्यंत शिकलो ते आजी वाडीत राहिली म्हणून. मे महिन्यात करवंदं-जांभळं घेऊन बाया लोणावळ्याला रस्त्यावर बसतात. गाडीवाला काच खाली करून पानाच्या द्रोणाचा भाव पाडतो, पुढे जाऊन चिक्कीला मागतील तेवढे देतो. आणि पाणी! ठोकळवाडीचं धरण टाटांनी १९२२ च्या सुमारास बांधलं. त्याचं पाणी भिवपुरीला उतरून वीज होते. ते पाणी आपल्याला वरनं दिसतं, आणि एप्रिलात आपण झऱ्याला वाटी वाटीने हंडा भरतो.

आता एक लांबची गोष्ट. इंडोनेशिया देशात जावा नावाचं बेट आहे. तिथं माणसं फार, जमीन थोडी. १९०५ साली तिथल्या डच सरकारने जावातली १५५ कुटुंबं सुमात्रा बेटावर लांपुंग भागात नेऊन वसवली. त्या लोकांनी नव्या गावाला आपल्या जुन्या मुलखाचं नाव दिलं, बागेलेन. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांच्या सरकारने हेच काम मोठं केलं. जागतिक बँकेने कर्ज दिलं. घर, साधारण दोन हेक्टर जमीन आणि सुरुवातीचं धान्य देऊन लाखो माणसं हलवली. आज लांपुंगात जावातून आलेल्यांचीच संख्या जास्त आहे. रान तोडून त्यांनी भातखाचरं केली, कष्ट केले, त्यात खोटं नाही. पण ते रान मोकळं नव्हतं. लांपुंगच्या मूळ लोकांची कुळाकुळाची जमीन होती. सरकारने त्यांना धड विचारलं नाही, आणि भांडण लागलं ते गरिबा-गरिबांत.

हे ऐकून आमच्या वाडीतली एक म्हातारी म्हणाली, "म्हणजे आपण पण तसलेच का रं? ठाकरांच्या, कोळ्यांच्या रानात येऊन बसलेले?" बैठकीत सगळे गप्प झाले. प्रश्न खरा आहे, टाळून चालणार नाही. महादेव कोळी आणि ठाकर इथं आपल्या आधीचे. फरक एवढाच की जावावाल्यांना सरकारने आणलं आणि जमीन दिली. आपल्याला कर्जाने आणलं आणि काही दिलं नाही. पण आपल्या दाव्याने शेजाऱ्याचं रान जात असेल तर तो दावा आम्हाला नको. म्हणून ठरवलंय : जेवढं कसतो तेवढंच मागायचं, हद्द दाखवताना शेजारचा ठाकर आणि कोळी उभा करायचा, त्याची सही-अंगठा घ्यायचा. कारवी, हिरडा, गुरचरण, पाणवठा यांचा दावा तिघांनी मिळून सामूहिक करायचा. काही कोळी बाबा अजून कुरकुरतात. त्यांच्याकडे परत जायचं.

आता कायदा. मावळ अनुसूचित क्षेत्रात नाही. जुन्नर-आंबेगावच्या आदिवासी गावांना पेसा आहे, आपल्याला नाही. पण २००६ चा वनहक्क कायदा इथंही लागू आहे. आदिवासीने १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसत असल्याचं दाखवायचं, हक्क जास्तीत जास्त चार हेक्टर. तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा बिगर-आदिवासींना लागतो, आपल्याला नाही. तेव्हा "खालून आलेले" म्हणून कुणी अर्ज परत केला तर त्याला सांगा, हे कारण कायद्यात नाही, लेखी दे. दावा फेटाळला तर ६० दिवसांत अपील करता येतं.

पुरावा एकच चालत नाही, एकाहून जास्त लागतात. रेशन कार्ड, मतदार यादी, घरपट्टीची पावती असेल ती आणा. नसेल तर घाबरू नका. म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाब पुरावा आहे. जुनी मसणवट, देवाची जागा, विहीर, बांध हे पुरावे आहेत. कोळशाच्या भट्ट्यांचे जुने खड्डे, जिथं अजून काळी माती निघते, तेही पंचनाम्यात लिहायला लावा. ज्या भट्टीने आपल्याला बांधून ठेवलं तीच आता आपल्या बाजूने साक्ष देईल.

राहिली झोपडीखालची जमीन. ती सातबाऱ्यावर मालकाची, म्हणून वनहक्क कायदा तिथं चालत नाही. आमच्या माळाला मालकाने बंगलेवाल्यांना दाखवायला सुरुवात केलीय. एका गाडीतल्या पाहुण्याने तर आमच्या अंगणात उभं राहून विचारलं, "ही माणसं कधी जाणार?" यासाठी रस्ता गावठाणाचा आहे. गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार महसूल संहितेच्या कलम १२२ ने जिल्हाधिकाऱ्याला आहे. हे काम लांबणार. तोवर घरपट्टी, वीजबिल, पोराचा शाळेचा दाखला, ज्यावर वाडीचं नाव छापलंय तो प्रत्येक कागद जपा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका, मालक किती गोड बोलला तरी.

भट्टीवर निघण्याआधी वाडीची सभा घ्यायची आहे. निम्मी माणसं गेली की सभेत ठराव होत नाही. म्हणून दिवाळीच्या आत, रात्री जेवणं झाल्यावर. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणा. आणि जी म्हातारी माणसं कुसूरच्या घाटाने चालत आली, त्यांना पाठीवर घेऊन यावं लागलं तरी आणा, त्यांचे जबाब आधी लिहून घेऊ.