कच्च्या रेषा पुसू नका
(आपल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



'शाळेनं मला काय दिलं' यावर प्रत्येकानं पाच मिनिटं बोलायचं, असा संयोजकांचा हुकूम आहे. मला शाळेनं काय दिलं नाही, ते आधी सांगते. दहावीच्या सराव परीक्षेत भूमितीचा एक गुण दिला नाही.

दोन कोन आणि त्यांच्यामधली बाजू दिली होती, त्रिकोण काढायचा होता. आपली कोबाको कसोटी. मी त्रिकोण काढला आणि पेपर स्वच्छ दिसावा म्हणून पुढे वाढवलेल्या रेषा, कंस, सगळं खोडरबरानं पुसून टाकलं. सरांनी गुण कापला. मी तावातावानं विचारायला गेले, तर म्हणाले, "कच्च्या रेषा पुसू नकोस. कुठे चुकलीस ते मला त्यांच्यावरूनच कळतं." दोन दिवस मी सरांशी बोलले नव्हते. सर, आज सगळ्यांसमोर कबूल करते, तो गुण तुम्ही बरोबर कापला होतात. पण हे कळायला मला पंचवीस वर्षं लागली.

मी इमारतींच्या आत वस्तू शोधून देणाऱ्या यंत्रणांवर काम करते. जीपीएस मोकळ्या आकाशाखाली छान चालतं, पण स्लॅबच्या आत उपग्रहाचा सिग्नल नीट पोचत नाही. म्हणून वस्तूवर ब्लूटूथचा छोटा टॅग लावतात आणि छतावरचे रिसीव्हर त्याचा सिग्नल कोणत्या कोनातून आला ते मोजतात. ब्लूटूथमध्ये ही सोय २०१९ साली ५.१ या आवृत्तीत आली.

कोन कसा मोजतात? मुरुडची सहल आठवा. हात धरून आपण रांगेनं पाण्यात उभे होतो. लाट तिरकी आली की रांगेतलं एक टोक आधी भिजायचं, दुसरं नंतर. लाट जितकी तिरकी, तितका फरक जास्त. रिसीव्हरमध्ये अँटेना अशाच रांगेत असतात, एकमेकींपासून साधारण सहा सेंटिमीटरवर. ब्लूटूथची लहर साडेबारा सेंटिमीटर लांबीची. ती एका अँटेनाला आधी आणि शेजारणीला किती मागाहून भेटली, त्यावरून कोन निघतो. दोन रिसीव्हरचे दोन कोन आणि त्यांच्यामधलं मोजलेलं अंतर. पुन्हा कोबाको!

वहीत सोपं असतं. छतावर एक अंशाची चूक झाली तर दहा मीटरवर ठिपका साडेसतरा सेंटिमीटर सरकतो. पाच अंशांची झाली तर पाऊण मीटरच्या पुढे जातो. मध्ये भिंत असेल तर खोलीच बदलते.

तेच झालं. एका रुग्णालयात आम्ही ही यंत्रणा बसवली होती. रात्रपाळीच्या सिस्टरना इंजेक्शनचा पंप तातडीनं हवा होता. पडद्यावर ठिपका एका खोलीत होता, पंप निघाला भिंतीपलीकडे. शेजारच्या वॉर्डनं दुसरा पंप दिला म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "मॅडम, नक्की माहीत नव्हतं, तर तसं सांगायचं. मी दोन्ही खोल्या बघितल्या असत्या."

मला कापरं भरलं. कारण यंत्रणेला शंका होती. आकडे विखुरलेले येत होते. त्यांची सरासरी काढून, पडदा स्वच्छ दिसावा म्हणून, एकच टोकदार ठिपका दाखवायचं मीच ठरवलं होतं. कच्च्या रेषा मी पुन्हा पुसल्या होत्या.

मग आम्ही फरशीवर खडूनं खुणा केल्या, प्रत्येक खुणेवर टॅग ठेवला आणि कच्चे आकडे वाचायला बसलो. तीन चुका सापडल्या.

पहिली घरातली. रिसीव्हरच्या आत अँटेनांपर्यंतच्या वाटा सारख्या लांबीच्या नव्हत्या. हवेतल्या एका सेंटिमीटरएवढा फरक पडला, तरी समोरून येणाऱ्या सिग्नलची दिशा सुमारे नऊ अंशांनी फिरते. माहीत असलेल्या जागी टॅग ठेवून प्रत्येक अँटेनाची खोट मोजली आणि ती वजा केली.

दुसरी प्रतिध्वनीची. एसीचे पत्र्याचे डक्ट आणि लिफ्टचा दरवाजा यांवर आपटून सिग्नल भलत्याच दिशेनं यायचा. पण ब्लूटूथ अनेक चॅनेलांवर बोलतं. सरळ आलेल्या सिग्नलचा कोन चॅनेल बदलला तरी फारसा हलत नाही, आपटून आलेल्यांची सरमिसळ असेल तर तो उड्या मारतो. उड्या मारणाऱ्या आकड्यांचं वजन आम्ही कमी केलं.

तिसरी चूक शुद्ध भूमितीची. व्हरांड्यात सगळे रिसीव्हर एका ओळीत होते. दोन रेषा काटकोनाच्या जवळपास छेदल्या तर बिंदू नेमका मिळतो. बारीक कोनात छेदल्या तर पेन्सिलीच्या जाडीनंसुद्धा तो लांबट होतो, हे आपण सगळ्यांनी वहीत पाहिलंय. काही रिसीव्हर बाजूला हलवले.

आणि ठिपका काढून टाकला. आता पडद्यावर वर्तुळ दिसतं. खात्री असेल तर लहान, नसेल तर मोठं. वर्तुळ दोन खोल्यांवर पसरलं की सिस्टर दोन्ही खोल्या बघतात.

भूगोलाच्या बाई समोर आहेत, म्हणून एक गोष्ट सांगते. एव्हरेस्टची उंचीही कोन मोजूनच काढली. ते कोन एका ठिकाणाहून घेतले नव्हते, सहा ठिकाणांहून घेतले होते. हवेमुळे प्रकाश वाकतो, त्याचीही दुरुस्ती केली होती. १८५६ मध्ये २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली. आजच्या मापापेक्षा ती तीस फुटांच्या आसपासच कमी आहे.

सर, आमच्या ऑफिसात नवीन मुलं येतात. त्यांना मी पहिल्या दिवशी तुमचं वाक्य सांगते. कुणाचं आहे तेही सांगते.

माझी पाच मिनिटं केव्हाच संपली. सर, त्या एका गुणाबद्दल मनापासून आभार. नमस्कार.