जुनी मोटार आणि हातांची विद्या



कामगार चळवळीतला माणूस मोटारीच्या शौकावर काय बोलणार, असे आपणांस वाटेल. पण आमची जुनी पद्मिनी कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात कामगारांच्याच हातांनी घडली.

एकदा चाळीसगावहून कन्नडला येताना, औट्रम घाटाच्या चढावर, तिच्या रेडिएटरचे पाणी उकळले. उतावीळपणे आम्ही टोपण उघडले. वाफ उसळली आणि सोबतच्या मिस्त्रीचा हात भाजला. चूक आमची, हात त्याचा! कामगारहितावर भाषणे करणारे आम्ही मान वर करू शकलो नाही.

दाबाखाली पाणी शंभर अंशांवरही तापते. टोपण काढताच त्याची एकदम वाफ होते, हे त्यानेच नंतर समजावले. तेव्हापासून आम्ही आधी इंजिन निवू देतो. कार्ब्युरेटर, प्लग, पॉइंट साफ करणेही त्याच्याकडूनच शिकलो.

शतक पालटताना पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईतली तिची टॅक्सीही २०२३ साली रस्त्यावरून गेली. तिला ओळखणारे हातही आता थोडेच उरले आहेत. शौकिनांनो, सुटे भाग जमवा; पण मिस्त्रीजवळ एखादा तरुणही शिकायला बसवा, आणि दोघांची मजुरी घासाघीस न करता द्या. गाडी टिकते ती त्यांच्या विद्येवर.