संगणकावरचा ताल आणि आपली ढोलकी
(तेलीबाग, लखनौ येथील सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



लखनौशी मराठी माणसाचे नाते तालसुरांचे आहे. १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने याच शहरात संगीत महाविद्यालय उभे राहिले. जे गुरुमुखी होते ते त्यांनी कागदावर उतरविले. समेला फुली आणि खालीला शून्य, इतक्या साध्या त्यांच्या खुणा! आज कागदाशेजारी संगणक आला आहे. त्यावर तालरचना करण्याचे साधन निवडतानाही आम्ही तीच कसोटी लावतो: ते साधे असावे आणि सर्वांना खुले असावे.

लिनक्स या मुक्त प्रणालीवर अशी साधने आहेत. ध्वनिमुद्रण व मिश्रण यांसाठी 'आर्डर' उत्तम. सुरावटीसह संपूर्ण गीत रचावयाचे तर 'एलएमएमएस' सोयीचे. परंतु केवळ तालवाद्यांचे काम असेल, तर आम्ही 'हायड्रोजन' सुचवू. त्यात मुद्रित केलेला एकेक ठोका चौकटींच्या जाळीवर मांडावयाचा असतो. आवर्तनाची लांबी बदलता येते. म्हणून चार मात्रांच्या साच्यात न अडकता रूपकाच्या ७ किंवा झपतालाच्या १० मात्रा नीट बसतात. एकच बोल हलका, मध्यम आणि जोरकस असा तीनदा मुद्रित करून ठेवला, तर आघाताच्या प्रमाणात योग्य ध्वनी आपोआप निवडला जातो. डग्ग्यावरची घसीट मात्र जाळीवर मांडून साधत नाही. ती वादकाकडून वाजवून घेऊन स्वतंत्र बोल म्हणूनच मुद्रित करावी लागते.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. साधन कोणतेही निवडा, त्यात ध्वनी कोणाचा? उत्सवासाठी तयार ध्वनिमुद्रण आणणे सोपे आहे. पण त्यात आपल्या आरतीची ढोलकी नाही. ती वाजविणारे हात आता थकत चालले आहेत. त्यांचे बोल साध्या 'वेव्ह' फायलींत जतन केले, तर ते कोणत्याही कंपनीच्या परवान्यावर अवलंबून राहणार नाहीत आणि साधन बदलले तरी उद्याच्या पिढीला ते उघडता येतील.

यंत्राने वादकाची जागा घ्यावी, असे आम्ही म्हणत नाही. परमुलखात वाढणाऱ्या आपल्या मुलांना घरच्या ठेक्यावर टाळी देता यावी आणि त्यातूनच कोणाला तरी खरी ढोलकी हाती घ्यावीशी वाटावी, एवढाच हेतू आहे. ज्येष्ठ वादकांनी यासाठी एक रविवार द्यावा, अशी आमची नम्र विनंती आहे.