फर्मा आधी, यंत्र मागून
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



घरच्या घरी वाऱ्यावर वीज करण्याचे यंत्र कसे केले ते सांगा, असा मंडळाचा आग्रह. पण मला यंत्राहून फर्म्याबद्दलच बोलावयाचे आहे. चंद्रपुरात आमचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे, तेथे मी वीस वर्षे तार गुंडाळीत आले.

स्कॉटलंडमधील स्कोरेग येथील ह्यू पिगट यांनी अशा पवनचक्कीची रीत जगभर शिकविली. आमचीही त्याच धर्तीची. दोन लोखंडी तबकड्या, प्रत्येकीवर बारा चुंबके. मध्ये राळेत बसविलेली तारेची नऊ वेटोळी.

पहिल्या खेपेस चुंबके मी नजरेनेच ठेवली. करंजीला कातणे घेणारी मी, इथे मात्र अंदाजावर विसंबले! एक चुंबक उडून शेजारच्याला चिकटले, मध्ये माझी तर्जनी. नख गेले. मग प्लायवूडचा फर्मा कापला. मध्यभागी भोक, भोवती तीस-तीस अंशांवर बारा खिडक्या. आता चुंबक खिडकीतच बसते. हातातले चुंबक वरून फिरवावे. एकाने ओढले तर पुढच्याने ढकललेच पाहिजे.

तबकड्यांना भोके पाडताना चाकाचा हबच फर्मा होतो. तिन्ही एकत्र आवळून भोके पाडावीत आणि कडेला खूण करावी, म्हणजे पुन्हा जोडताना घोटाळा नको.

वेटोळ्यांचा फर्मा आमच्या दुकानातलाच: दोन लाकडी गाल, मध्ये ठरीव जाडीचा ठोकळा, चार खिळे. एक वेटोळे जाड झाले की राळेची चकती जाड, तबकड्या लांब, आणि वीज कमी. नऊही तागडीत तोलून पाहावीत.

तबकड्या समोरासमोर आणताना मात्र हात मध्ये घालू नका. तीन लांब स्क्रू थोडेथोडे, आळीपाळीने सैल करावेत. तेथे नखावर भागणार नाही.

एक गोष्ट लपवीत नाही. वारा निम्मा झाला की वाऱ्यातली शक्ती आठवा हिस्साच उरते. साताऱ्याच्या वनकुसवड्याच्या पठारावर चक्क्या फिरतात, तसा वारा गडचिरोलीच्या साग-मोहांत कोठला? तेथील पाड्यावर दिवा लावायचा तर मी सौरपाटीच सुचवीन.

फर्मे मंडळाच्या कपाटात ठेविले आहेत. शनिवारी दुपारी जुन्या मोटारीची तार घेऊन या, आणि बांगड्या काढून या.