वीस सेकंदांचं आभाळ

गेल्या नोव्हेंबरात अमावास्येच्या रात्री पुतण्याबरोबर हरिश्चंद्रगडावर होतो. कोकणकड्याजवळ, काठापासून चांगलं लांब, त्यानं कॅमेऱ्याची तिपाई रोवली. "चाचा, बॅटरी बंद करा." श्रवणाचा तारा पश्चिमेला कलला होता. "आकाशगंगा दिसतेय ना?"

मी हो म्हणालो. खरं तर मोतीबिंदू उतरू लागलाय. मला खाली शहरांकडचा नारिंगी उजेड तेवढा दिसत होता. लहानपणी अब्बा बोटानं ईदचा चाँद दाखवायचे, तेव्हाही मी दिसण्याआधीच "दिसला" म्हणायचो.

पुतण्या सांगत होता, झडप २० सेकंद उघडी ठेवायची. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. जास्त वेळ ठेवली तर ताऱ्यांच्या रेघा होतात. आपला डोळा उजेड असा साठवत नाही, कॅमेरा साठवतो.

खट्‌ आवाज झाला. कॅमेऱ्यामागच्या काचेवर कड्याच्या काळ्या कडेपर्यंत दुधाळ पट्टा उतरला होता. "नुसत्या डोळ्यांना एवढं दिसतं?" मी विचारलं.

"याच्या निम्मंही नाही."

मग त्याला खरं सांगितलं. तो काही बोलला नाही. माझं बोट धरून त्यानं काचेवरच्या श्रवणाजवळ नेलं.