बासरी घेताना



आम्ही बासरीवादक नव्हे. नोकरी सांभाळून संध्याकाळी तासभर फुंकणारे विद्यार्थी आहोत. तेव्हा बासरी कशी वाजवावी हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही; ती घेताना आम्ही कसे फसलो आणि त्यातून काय शिकलो, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आमची पहिली बासरी आम्ही डोळ्यांनी घेतली. सोनेरी रंग, लाल रेशमी दोरा. दुकानदाराने तिच्यावर एक गोड धूनही वाजवून दाखविली. दीड वर्ष आम्ही एकट्यानेच तिच्यावर मेहनत केली. मंद्र पंचम तंबोऱ्याशी जुळला की मध्य पंचम चढा लागे. आपल्याला कानच नाही, अशी आमची खात्री होत चालली. शेवटी एका जाणत्या वादकांकडे गेलो. त्यांनी ती बासरी स्वतः फुंकून पाहिली आणि म्हणाले, ''अहो, तुमचा कान शाबूत आहे. दोष हिचाच आहे.'' त्या एका वाक्याने आमची बासरी सुटता सुटता राहिली.

आता निवडीचे पाहू. मैफलीतली मोठी बासरी बहुधा पांढरी तीनची, सुमारे अडीच फूट लांब असते. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी ती रागसंगीतात रुजविली. तिचा गंभीर नाद ऐकून विद्यार्थी तीच मागतो. परंतु तिच्या भोकांवर नवशिक्याची बोटे पुरत नाहीत. पांढरी पाचची, दोनएक फुटांची बासरी आरंभाला बरी. बोटे न ताणता भोके पुरी झाकली जातात की नाही, ही पहिली परीक्षा.

दुसरी परीक्षा श्वासाची. सहाही भोके झाकून हलकी फुंकर घालावी. मंद्र पंचम निघाला पाहिजे. तो फाटत असेल तर एखादे बोट सैल आहे किंवा वेळूला बारीक चीर आहे.

तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची. वरची तीन भोके झाकली की षड्ज लागतो. बोटे तशीच ठेवून फुंकर जोरकस केली की तार षड्ज. त्याचप्रमाणे सहाही भोके झाकून मंद्र आणि मध्य पंचम. या दोन्ही जोड्या तंबोऱ्याशी ताडून पाहाव्यात. आमची बासरी इथेच नापास झाली असती. तंबोरा हल्ली मोबाइलवरही मिळतो, त्यामुळे सबब उरलेली नाही. मात्र थंड बासरी उतरलेली बोलते. म्हणून पाच मिनिटे फुंकून ती ऊबदार करावी आणि मग परीक्षा घ्यावी. स्वर दाखविणाऱ्या यंत्राच्या सुईकडे पाहत फुंकू नये. ओठ नकळत स्वर सुईवर आणून ठेवतात आणि आपण आपल्यालाच फसवितो. डोळे मिटून फुंकावे, सुई दुसऱ्याने पाहावी.

कोणी म्हणेल, मग निर्दोष बासरी मिळते तरी का? वेळू हा निसर्गाचा. कोणतेही दोन वेळू सारखे नसतात. थोडी उणीव ओठांनी सावरता येते, आणि ती सावरणे हाही शिक्षणाचाच भाग आहे. भोक मोठे केले की स्वर चढतो. म्हणून एखादा स्वर किंचित उतरलेला असेल तर कारागीर तो सुधारू शकतो. चढलेला स्वर उतरविणे अवघड. सप्तकेच जुळत नसतील तर मात्र ती बासरी, कितीही देखणी असो, परत करावी.

परंतु दोष बासरीचा की आपला, हे नवशिक्याला एकट्याने कळत नाही. त्यावर उपाय एकच : तीच बासरी जाणत्याच्या ओठांना लावून पाहावी. त्याच्याकडे ती सुरात बोलली तर आपण निमूटपणे मेहनत करावी. त्याच्याकडेही बेसूरच राहिली तर ती बदलावी.

या सभेत मुलांना वाद्य घेऊन देणारे आईबाप असतील. त्यांना आमची एवढीच विनंती आहे की, 'तुला सूरच कळत नाही' असे मुलाला म्हणण्याआधी त्याच्या हातातले वाद्य एकदा तपासून घ्या. बासरी बदलता येते. मुलाच्या मनातून उठलेला स्वतःच्या कानावरचा विश्वास पुन्हा बसविणे फार कठीण असते.